कमी दिवसांचं बाळ आणि त्याच्या रक्तातली साखर



अकलूज भागात साखर म्हटलं की आधी कारखाना आठवतो, मग घरातलं मधुमेहाचं माणूस. या वेळच्या आरोग्य पाठात साखर घेतली आहे ती नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या रक्तातली, आणि त्यातही दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाची. मोठ्या माणसाची साखर वाढली की आपण घाबरतो. या बाळाची साखर बहुतेक वेळा कमी होते, काही तासांत कमी होते, आणि पुष्कळदा बाहेरून काहीच कळत नाही. बाळ गुणाचं आहे, रडत नाही, छान झोपलंय, असं बायका म्हणत असतात. त्याच वेळी त्याचा मेंदू उपाशी असू शकतो.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ ते कमी दिवसांचं बाळ. २०२० साली जगात अशी १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली असा अंदाज आहे. त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातली, म्हणजे साधारण आठ बाळंतपणांत एक. आपल्या ग्रामसंघातल्या गटांची मोजणी करा, दर वर्षी एखादं तरी असं बाळ आपल्याच एखाद्या ताईच्या घरात आलेलं दिसेल.

आपल्याकडे एक बोलणं आहे, सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही. यात काही तथ्य नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, त्यामुळे आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं. हे इथे मुद्दाम लिहायचं कारण असं की या समजुतीपायी आठमाशी बाळासाठी धावपळच कमी केली जाते. "देवाची मर्जी" म्हणून घरी ठेवलेलं बाळ हे कित्येकदा वाचण्यासारखं बाळ असतं.

नाळ कापली की हिशेब बदलतो

पोटात असताना बाळाला स्वतः काही कमवावं लागत नाही. आईच्या रक्तातली साखर वारेतून आणि नाळेतून त्याला चोवीस तास पोचत असते. नाळ कापली की हा पुरवठा त्या क्षणी बंद. प्रत्येक बाळाची साखर जन्मानंतर पहिल्या तास-दोन तासांत खाली येते. पूर्ण दिवसांचं धट्टंकट्टं बाळ ती स्वतःच सावरतं. कशाच्या जोरावर? साठ्याच्या.

हा साठा आपल्या बचतीसारखाच आहे. यकृत ही शरीराची पेढी समजा. जादा साखर आली की ती यकृतात जमा होते, आणि गरज पडली की तिथून निघते. जमा करण्याचं काम इन्सुलिन करतं. ते पोटाच्या मागे असलेल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत तयार होतं. काढून देण्याचं काम ग्लुकागॉन आणि इतर काही संप्रेरकं करतात. जन्म होताच बाळाच्या शरीरात इन्सुलिन कमी होतं, ग्लुकागॉन वाढतं, पेढी उघडते आणि साठा बाहेर येऊ लागतो. पहिले काही तास त्यावर निघतात. तोवर आईचं दूध सुरू होतं, चरबी जळायला लागते, यकृत स्वतः नवी साखर बनवायला शिकतं.

अडचण अशी की बाळाच्या यकृतातली ही बचत मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होते. अंगावरची चरबीही याच दिवसांत भरते. आठव्या महिन्यात आलेल्या बाळाने या बचतीचे शेवटचे हप्ते भरलेलेच नसतात. त्यात नवी साखर बनवण्याची यंत्रणा कच्ची, आणि दूध ओढायला ताकद नाही. जमा कमी, उत्पन्न कमी, आणि खर्च मात्र चालू.

खर्च किती ते पाहू. कमी दिवसांच्या बाळाला दर किलो वजनामागे दर मिनिटाला सुमारे ६ मिलिग्रॅम साखर लागते. बाळ दीड किलोचं असेल तर मिनिटाला ९ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला जवळजवळ १३ ग्रॅम, तीनेक चहाचे चमचे. ऐकायला थोडी वाटते, पण वजनाच्या मानाने ती मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट आहे. कारण बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि मेंदूला साखर सगळ्यात जास्त लागते. आता दुसरी बाजू. दीड किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण १३० मिलिलिटर, छोट्या चहाच्या कपाएवढं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. मागून नवी साखर आली नाही तर एवढ्यावर बाळ आठ-नऊ मिनिटंच काढू शकेल. म्हणून कमी दिवसांच्या बाळाला दूध पाजायला "सकाळी बघू" चालत नाही.

मोठ्या माणसात ७० च्या खाली साखर गेली की कमी म्हणतात. नवजात बाळात आपल्याकडचे दवाखाने साधारणपणे ४५ च्या खाली गेली की कमी धरतात, काही ठिकाणी ४० हा आकडा वापरतात. ती बराच वेळ किंवा वरचेवर कमी राहिली तर मेंदूला इजा होते. डोक्याच्या मागच्या भागाला, जिथे डोळ्यांनी पाहिलेलं समजतं, तिथे जास्त. पुढे झटके येणं, नजर कमी असणं, शाळेत मागे पडणं अशा गोष्टी यातून उद्भवू शकतात. तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही की याचं मूळ जन्माच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत होतं.

फक्त कमी दिवसांच्याच बाळाला हा धोका आहे असं नाही. पूर्ण दिवसांचं पण अडीच किलोच्या आतलं, वाळलेलं बाळ, जन्मताना गुदमरलेलं बाळ, जंतुसंसर्ग झालेलं बाळ, गार पडलेलं बाळ, यांचाही साठा लवकर संपतो.

आईला मधुमेह असेल तर

इथे गंमत उलटी आहे. बाळ चांगलं साडेतीन-चार किलोचं, गुबगुबीत, सगळे खूश. आणि दोन तासांत त्याची साखर खाली. असं का होतं? आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणून जादा साखर आवरायला बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड पोटातच जोराने इन्सुलिन बनवायला लागतं. जन्म झाला, नाळ कापली, साखर येणं बंद झालं. पण इन्सुलिनची सवय लगेच मोडत नाही. ते राहिलेली साखरही जमा करत सुटतं. म्हणजे पेढीत पैसे आहेत, पण काढू देणारं कोणी नाही. असं बाळ कमी दिवसांचं असलं तर दोन्ही अडचणी एकदम येतात.

म्हणून गरोदरपणात साखरेची तपासणी टाळू नका. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा, आणि ती बरोबर आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते. दुसऱ्या वेळची बऱ्याच जणी सोडतात. "मागच्या वेळी केली की" असं म्हणतात. पण हा मधुमेह मुख्यतः सहाव्या-सातव्या महिन्यातच डोकं वर काढतो.

साखर वाढते तेव्हा

फार लवकर आलेल्या, एक किलोच्या आसपासच्या बाळांत कधीकधी साखर वाढतेही. अशा बाळाला तोंडाने दूध झेपत नाही, म्हणून शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं. पण त्याचं स्वादुपिंड अजून नीट इन्सुलिन बनवत नाही. बनवतं तेही पुष्कळ अर्धवट, कच्च्या रूपातलं. शिवाय बाहेरून साखर येते आहे हे यकृताला समजत नाही, ते आपलं स्वतःची साखर बनवतच राहतं. आणि इन्सुलिन ज्या स्नायूंत आणि चरबीत साखर भरतं, ते या बाळाच्या अंगावर नावालाच असतात. जंतुसंसर्ग झाला तर साखर आणखी वाढते.

मग इन्सुलिन टोचायचं का? डॉक्टर आधी सलाईनमधली साखर कमी करतात, संसर्ग आहे का ते बघतात. एवढ्याने भागलं नाही तरच इन्सुलिन, तेही अगदी मोजून. अशा सगळ्या बाळांना पहिल्या दिवसापासून इन्सुलिन दिलं तर बरं होईल का, हे युरोपातल्या दवाखान्यांनी करून पाहिलं होतं. २००८ साली निष्कर्ष आले. फायदा दिसला नाही, उलट साखर कमी होण्याचे प्रसंग वाढले. म्हणून अशा बाळाचे नातेवाईक "आमच्या आजोबांना इन्सुलिन देता, बाळाला का देत नाही" असं विचारतात, तेव्हा डॉक्टर निष्काळजी असतात असं नाही.

गूळपाणी, मध आणि घुटी

हा पाठ वाचून कोणीतरी नक्की म्हणणार, साखर कमी पडते ना, मग बाळाला मध चाटवा, गूळपाणी पाजा, आपल्या आज्या तेच तर करत होत्या. प्रश्न रास्त आहे, तेव्हा नीट उत्तर देऊ.

साखरपाण्याने रक्तातली साखर चटकन वर जाते आणि तितकीच चटकन खाली येते. आईच्या दुधात साखर असतेच, त्याबरोबर चरबी आणि प्रथिनं असतात. चरबी जळते तेव्हा मेंदूला साखरेला पर्यायी इंधन मिळतं, आणि दुधातून यकृताला नवी साखर बनवायला माल मिळतो. म्हणजे साखर वर येते आणि टिकते. साखरपाण्याने पोट भरलेलं बाळ दूध ओढत नाही. बाळाने ओढलं नाही की आईलाही दूध कमी येतं. मधात असे जंतू असू शकतात ज्यांनी तान्ह्या बाळाच्या अंगातली ताकदच जाते, म्हणून वर्षाच्या आतल्या कोणत्याच बाळाला मध नको. घुटीचं उगाळणं, पाणी, बोट, बोंडलं, यांतलं काहीही निर्जंतुक नसतं. आणि ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एका लयीत जमत नाही. त्याच्या तोंडात बोटाने काही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

दवाखान्यात मात्र साखरेचा असा उपयोग होतो. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या रुग्णालयात ४० टक्के ग्लुकोजची जेल वजनानुसार मोजून बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला चोळली आणि मग अंगावर पाजायला दिलं. २०१३ साली हे काम छापून आलं, आणि आता पुष्कळ देशांत ही पद्धत वापरतात. पण ती जेल निर्जंतुक असते, मात्रा मोजलेली असते, आणि अर्ध्या तासाने रक्त पुन्हा तपासलेलं असतं. घरातल्या गुळाचा आणि तिचा संबंध जोडू नका.

पहिलं पिवळसर घट्ट दूध, चीक, तो पिळून फेकायचा नाही. चमचाभरच येतो, पण त्या वेळी बाळाला लागतोही तेवढाच. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यायचं. ओढत नसेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने किंवा उकळलेल्या बोंडल्याने पाजायचं. तेही झेपत नसेल तर दवाखान्यात नाकातून नळी घालून देतात. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. झोपलेलं असलं तरी उठवून.

आईचं दूध उशिरा आलं तर काय, या प्रश्नावर महाराष्ट्राने फार आधी काम केलं आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या आयांना जास्त दूध येतं त्यांचं दूध घेऊन, तपासून, तापवून निर्जंतुक करून, कमी दिवसांच्या बाळांना द्यायचं. बाळ मोठ्या दवाखान्यात दाखल असेल तर तिथे अशी पेढी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

गारठा साखर खातो

ऊस तोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. म्हणजे सगळा हिवाळा त्यात येतो. बीड, नगर, जालना भागातून टोळ्या येतात, फडाशेजारी पाचटाच्या नाहीतर कागदाच्या कोप्या पडतात. त्यांत गरोदर बाया असतात. पहाटेच्या थंडीत मोळ्या उचलणारी सातव्या-आठव्या महिन्यातली बाई आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिलेली आहे. सुट्टी घेतली तर उचलीतून पैसे कापले जातात म्हणून ती थांबत नाही. समजा, अशा बाईला कोपीतच कळा आल्या आणि दीड किलोचं बाळ झालं. बाहेर दहा-बारा अंश तापमान. बाळाच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. अंग गरम ठेवायला ते शरीरातली साखर आणि चरबी जाळतं. साठा आधीच थोडा, तो थंडीत दुप्पट वेगाने संपतो. साखर कमी झाली की अंग आणखी गार पडतं, गार पडलं की दूध ओढत नाही, ओढलं नाही की साखर आणखी कमी. हे चक्र तोडायचा सगळ्यात सोपा उपाय ऊब.

ऊब देण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे आईची छाती. बाळाला लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, कातडीला कातडी लागली पाहिजे, आणि वरून दोघांना मिळून लुगड्याने किंवा शालीने बांधायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांचा अभ्यास छापून आला. १ ते १.८ किलोच्या बाळांना तब्येत स्थिरावायची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईजवळ कांगारू पद्धतीने ठेवलं, तर दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पाव हिश्शाने कमी झालं. आई आजारी असेल तर आजी, मावशी, बाळाचा बाप, कोणीही छातीशी घेऊ शकतं. बापाने घेतलं तर हसू नका.

शेक-शेगडी, धुरी यांपासून मात्र बाळाला लांब ठेवा. धुराने श्वासाला त्रास होतो. आणि आंघोळ? "न्हाऊ घातल्याशिवाय बाळ घ्यायचं नाही" हे कमी दिवसांच्या बाळाच्या बाबतीत विसरा. फक्त कोरड्या कापडाने पुसा. वजन २ किलोच्या वर जाईपर्यंत थांबा आणि मगही आशाताईंना विचारूनच घाला. बाळ गार आहे का हे बघायला यंत्र नको. हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय चाचपा. पोट गरम, तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर छातीशी बांधूनच दवाखाना गाठा.

दवाखान्यात काय करतात

कमी दिवसांच्या बाळाची टाचेच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घेऊन साखर बघतात. जन्मल्यावर दोनेक तासांनी पहिल्यांदा, आणि मग दोन-तीन दिवस ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा. आयांना हे बघवत नाही, "किती टोचता" म्हणून भांडणं होतात. टोचू द्या. बाहेरून न दिसणारी गोष्ट कळायला दुसरा मार्ग नाही. घरी आजोबांचं मशीन आहे म्हणून बाळाची टाच घरी टोचू नका. ती यंत्रं मोठ्या माणसांच्या साखरेसाठी आहेत, इतक्या कमी आकड्यांना ती चुकतात, आणि चुकीच्या जागी टोचलं तर टाचेला जखम होते.

साखर थोडी कमी आणि बाळ सावध असेल तर आधी दूध पाजून पुन्हा तपासतात. फार कमी असेल किंवा लक्षणं असतील तर शिरेतून १० टक्के ग्लुकोज देतात आणि मग हळूहळू सलाईन कमी, दूध जास्त करत आणतात. सलाईन एकदम काढलं तर साखर पुन्हा घसरते. म्हणून "कालच बरं होतं, आज का सोडत नाही" असा आग्रह धरू नये.

लक्षणं कोणती? अंग थरथरणं, सुस्ती, दूध न ओढणं, रडण्यात जोर नसणं, श्वास मधेच थांबणं, ओठ निळे पडणं, झटके. थरथर आणि झटका यांतला फरक असा की थरथरणारा हात आपण हलकेच धरला की थरथर थांबते, झटका धरल्याने थांबत नाही. दोन्हींत दवाखाना लागतोच, पण डॉक्टरांना नेमकं सांगता येतं. यातलं एकही लक्षण नसतानाही साखर कमी असू शकते, हे पुन्हा सांगते.

अकलूजच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाळाला पुढे सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यायला सांगितलं, तर रस्ता शंभर किलोमीटरच्या पुढचा आहे. दोन-अडीच तास. आपण वर हिशेब पाहिला, एवढा वेळ बाळ उपाशी आणि गार राहिलं तर तिथे पोचेपर्यंत साखर तळाला गेलेली असते. निघायच्या आधी विचारा, "ताई, आत्ता साखर किती आहे? वाटेत दूध द्यायचं का?" ओढता येत असेल तर पाजून निघा. बाळ आई किंवा नातेवाइकाच्या छातीशी बांधूनच न्या. १०८ आणि १०२ या गाड्यांना पैसे लागत नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आजारी नवजात बाळाचे सरकारी दवाखान्यातले उपचार, औषधं, तपासण्या आणि प्रवास मोफत आहेत. हे तोडणीला आलेल्या बायांनाही लागू आहे, त्या कुठल्याही जिल्ह्यातल्या असोत.

गडचिरोलीत आणि पुण्याजवळ काय दिसलं

खेड्यात हे सगळं जमेल का, अशी शंका येते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, दूध पाजायला मदत करणं, संसर्ग ओळखून उपचार करणं. १९९९ साली त्यांचे निकाल छापून आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई घरी येतात ती पद्धत याच कामातून देशभर गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायचं असतं. आल्या नाहीत तर बोलवा.

दुसरं काम पुण्याचं. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. ही बहुतेक बाळं पूर्ण दिवसांची होती, पण लहान. सरासरी वजन २.७ किलो, तेव्हा इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. ज्या बाया पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं वजनाला चांगली होती. ज्या शेतात आणि घरात जास्त कष्ट करत होत्या त्यांची लहान. हे आपल्याला नवीन नाही, पण सासरी दाखवायला कामाला येईल. पालेभाजी आपल्या शिवारात फुकट उगवते, आणि घागर दुसऱ्या कोणी उचलली तर घर बुडत नाही.

त्याच संशोधकांना असंही आढळलं की आपली बाळं काटक दिसली तरी चरबीच्या बाबतीत तितकी कमी नसतात, आणि पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त होतं. म्हणजे मोठेपणीच्या मधुमेहाची पायवाट पोटातच सुरू होते. न्यूझीलंडमध्ये २००४ साली दिसलं की कमी दिवसांची जन्मलेली मुलं ४ ते १० वर्षांची झाली तेव्हाही त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम इतर मुलांपेक्षा कमी होत होता. म्हणून असं बाळ घरी आल्यावर "बारीक आहे, भरवा" म्हणत बिस्किटं, खारी, पाकिटातले गोड पदार्थ सुरू करू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे घरचं डाळ-भात, भाकरी कुस्करून, अंडं, केळं.

एक गोष्ट साखरेच्या बाहेरची, पण सुटते म्हणून लिहिते. २ किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून महिन्याभरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासला पाहिजे. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. डिस्चार्ज कार्डवर ही तारीख लिहून घ्या.

गटाच्या बैठकीसाठी

उपचार मोफत असले तरी आई तीन-चार आठवडे बाळापाशी दवाखान्यात राहते. तिची मजुरी बुडते, सोबतच्या बाईचा जेवणखर्च, घरी राहिलेली मोठी पोरं. याच खर्चापायी पुष्कळ जणी सही करून बाळ लवकर घरी नेतात, आणि दोन दिवसांत ते पुन्हा गार पडतं. अशा ताईचा त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलायचा का, तिला अंतर्गत कर्ज तातडीने द्यायचं का, ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तो यासाठी कोणत्या अटीवर वापरायचा, हे वेळ येण्याआधी ठरावात लिहून ठेवा. रात्री अकरा वाजता ठराव होत नसतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करून यावं. गावात आज किती गरोदर बाया आहेत, त्यांतल्या किती जणींची साखरेची दुसरी तपासणी झाली आहे, हे आशाताईंना विचारावं. आपल्या शिवारातल्या टोळ्यांत गरोदर बाया आहेत का, त्यांच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड आहे का, हे दोघींनी फडावर जाऊन बघावं. मुकादमाला आधी सांगून गेलं तर बरं. आणि एका बाहुलीला किंवा गुंडाळलेल्या टॉवेलला बाळ समजून कांगारू पद्धतीने छातीशी बांधण्याचा सराव करावा. लुगडं कसं गुंडाळलं की गाठ मागे न येता बाजूला येते आणि आईला बसून जेवता येतं, हे आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं, त्यांना पुढे बसवा.